हार्मोनीज : ब्राउझरमध्ये डोंगर, नदी आणि रान मांडायला शिकताना

माझा हार्मोनीजचा पहिला डाव संपला तेव्हा पटावर सहा झाडं होती आणि त्यांतल्या चारांना एकही पान नव्हतं. नुसती बोडकी खोडं. प्रत्येकाचे गुण शून्य. समोर टोरांटोहून खेळणारी माझी मामेबहीण. तिच्या पटावर सुबक डोंगररांग, दोन शेतं आणि लांबलचक नदी. तिने फक्त एक हसरा चेहरा पाठवला. त्यानंतर मी नियम नीट वाचले. तुमचा पहिला डाव माझ्यासारखा जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

हा खेळ २०२४ साली फ्रान्सच्या लिबेल्यू या प्रकाशकाने काढला. रचनाकार योहान बेनव्हेनुतो, चित्रं माएव्हा दा सिल्व्हा यांची. प्रत्येकाकडे षटकोनी घरांचा एक छोटा पट असतो. त्यावर रंगीत लाकडी सोंगट्या रचून निसर्ग उभा करायचा आणि त्या निसर्गात प्राण्यांना जागा द्यायची. खोक्यातला खेळ सुंदर आहेच, पण शिकण्यासाठी ब्राउझर बरा. गुण तोच मोजतो, चुकीची सोंगटी ठेवू देत नाही आणि पसारा आवरावा लागत नाही.

आधी टेबलावर बसा

हा खेळ बोर्ड गेम अरेना या संकेतस्थळावर मिळतो. २०१० मध्ये फ्रान्समध्येच सुरू झालेली ही जागा आता अस्मोडी या मोठ्या खेळ-कंपनीकडे आहे. काही उतरवून घ्यावं लागत नाही. ईमेल देऊन खातं काढायचं, खेळाचं नाव शोधायचं आणि टेबलावर बसायचं. पैसे भरून सभासद होता येतं, पण सुरुवातीला गरज नाही. एखाद्या खेळाचं नवं टेबल उघडायला सभासदत्व मागितलं, तर दुसऱ्याने उघडलेल्या टेबलावर बसा. तिथे फुकट खातं चालतं.

टेबलं दोन तऱ्हेची असतात. एका प्रकारात सगळे एकाच वेळी हजर राहून डाव तिथेच संपवतात. दुसऱ्यात दिवसातून एकदोनदा डोकावून आपापली पाळी खेळायची आणि आपल्या कामाला लागायचं. नवख्यांनी हा दुसरा, सावकाश प्रकार घ्यावा असं माझं मत. विचार करायला वेळ मिळतो, आणि घरातलं कोणी परदेशात असेल तर घड्याळांचा मेळ घालत बसावं लागत नाही. मी सकाळी चहाबरोबर खेळतो. बहिणीकडे तेव्हा रात्र असते, ती झोपण्याआधी उत्तर देते. एक डाव आठवडाभर चालतो आणि कुणाची तक्रार नसते.

डाव अर्धा टाकून मात्र उठू नका. या संकेतस्थळावर प्रत्येकाच्या नावापुढे एक टक्केवारी दिसते आणि तिचं नाव चक्क ‘कर्म’ आहे. डाव सोडून पळालात की ती घसरते. आपल्याला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

पहिले काही डाव मोठ्या पडद्यावर खेळा. फोनवर खेळता येतं, पण इतरांचे पट बघायला सारखं खाली सरकवावं लागतं. मग ते बघायचं राहूनच जातं, आणि तिथेच डाव हातचा जातो. ते का, ते पुढे येईलच.

सहा रंग, आणि कशावर काय बसतं

मध्ये एक सामायिक फळी असते. तिच्यात पाच खण, प्रत्येकात तीन सोंगट्या. आपल्या पाळीला एक खण निवडायचा आणि त्यातल्या तिन्ही सोंगट्या आपल्या पटावर मांडायच्या. ‘दोन हव्यात, तिसरी नको’ हे चालत नाही. या खेळातली निम्मी डोकेदुखी त्या तिसऱ्या सोंगटीची असते.

निळी म्हणजे पाणी, पिवळी म्हणजे शेत. या दोन्ही रिकाम्या घरातच बसतात आणि त्यांच्यावर काही चढत नाही. राखाडी म्हणजे डोंगर. राखाडीवर राखाडी अशी तीनपर्यंत चळत होते. तपकिरी म्हणजे खोड, ती एकावर एक दोनच. हिरवी म्हणजे पालवी. ती रिकाम्या घरात ठेवली तर झुडूप, एका खोडावर ठेवली तर मध्यम झाड, दोन खोडांवर ठेवली तर उंच झाड. पालवी बसली की ते झाड मिटलं, त्यावर पुढे काही नाही. लाल म्हणजे इमारत. लाल सोंगटी रिकाम्या घरात बसते, तशीच राखाडी, तपकिरी किंवा दुसऱ्या लाल सोंगटीवरही बसते. इमारतीची उंची दोन, त्याहून जास्त नाही.

आता गुण. हे एकदा नीट डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं.

झुडपाचा १, मध्यम झाडाचे ३, उंच झाडाचे ७. नुसत्या खोडाचे शून्य. माझ्या चार खोडांची कहाणी इथली.

डोंगरालाही उंचीप्रमाणे १, ३ आणि ७ मिळतात, पण शेजारी दुसरा डोंगर हवा. एकटा उभा असलेला तीनमजली डोंगर शून्याचा धनी. शेजारचा डोंगर कितीही बुटका असला तरी चालतो.

शेजारी शेजारी दोन पिवळ्या सोंगट्या आल्या की ते शेत, त्याचे ५ गुण. त्यालाच तिसरी, चौथी पिवळी जोडली तर गुण वाढत नाहीत. म्हणून जोडीजोडीने, एकमेकांना न चिकटणारी शेतं करायची. नवखे खेळाडू पिवळ्याला पिवळी जोडत मोठा मळा करतात. दिसतो छान, गुण पाचच.

दोन थरांच्या इमारतीचे ५, पण तिच्या सभोवती किमान तीन वेगवेगळे रंग हवेत. शेजारच्या चळतीची सगळ्यात वरची सोंगटी काय आहे, तेवढंच मोजतात. कडेच्या घराला शेजार कमी, म्हणून इमारत शक्यतो पटाच्या आतल्या भागात बांधा. आणि एक सोय ध्यानात ठेवा : डाव संपत आलाय, एकाच थराचं बोडकं खोड उभं आहे आणि हिरवी मिळत नाहीये, तर त्यावर लाल सोंगटी बसवा. झाड नाही तर इमारत.

नदीत फक्त सगळ्यात लांब प्रवाह मोजतात. २ घरांचे २ गुण, ३ घरांचे ५, ४ चे ८, ५ चे ११, ६ चे १५, आणि पुढे दर घराला ४. आकडे नीट बघा. दोन घरांची नदी म्हणजे जागेची नासाडी. सहाच्या पुढे गेलेली नदी मात्र दर सोंगटीला चार गुण देते. पाण्याचा पुंजका करू नका. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची वाट मोजली जाते, त्यामुळे तळं फुकट जातं, ओढा मोजला जातो.

प्राण्यांची कार्डं

पाळीत आणखी दोन गोष्टी करता येतात, दोन्ही ऐच्छिक. उघड्या पाच कार्डांतलं एक घेता येतं, आणि हातातल्या कार्डाची अट पटावर पूर्ण झाली असेल तर त्या प्राण्याचा ठोकळा तिथे ठेवता येतो. या गोष्टींना ठरलेला क्रम नाही.

कार्डावर एक छोटी आकृती असते : अमुक उंचीचा डोंगर, त्याला लागून पाणी, वगैरे. आकृतीतलं एक घर ठोकळ्याचं. आकृती फिरवून मांडलेली चालते. कार्डावरच्या चौकटींत ठोकळे ठेवलेले असतात आणि एकेक ठोकळा पटावर गेला की खालून वर एकेक आकडा मोकळा होतो. शेवटी मोकळा झालेला सगळ्यात मोठा आकडा तुमचा. एकही ठोकळा गेला नाही तर कार्डाचे शून्य गुण. दंड नाही, पण घेतलेलं कार्ड जागा अडवून बसतं. एका वेळी चारच कार्डं हातात ठेवता येतात. सगळे ठोकळे संपले की कार्ड बाजूला जातं आणि जागा मोकळी होते.

कार्डाबद्दल सगळ्यात उपयोगी गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आकृती जुळायला हवी ती ठोकळा ठेवण्याच्या क्षणी. नंतर ती मोडली तरी ठोकळा तिथेच राहतो. आणि उंची नेमकी हवी. कार्ड एका थराचा डोंगर मागत असेल तर दोन थरांचा चालत नाही.

या दोन नियमांतून एक छान युक्ती निघते. समजा, एका कार्डाला शेत आणि शेजारी एका थराचा डोंगर हवाय आणि ठोकळा शेतावर बसतो. तुम्ही डोंगराची पहिली सोंगटी ठेवता, लगेच शेतावर ठोकळा बसवता आणि पुढच्या पाळ्यांत त्याच डोंगरावर आणखी दोन थर चढवता. प्राण्याचं काम झालं, शिवाय शेजारी दुसरा डोंगर असेल तर ७ गुणांचा सुळकाही तयार. आधी ठोकळा, मग उंची. हाच क्रम उलटा झाला की कार्ड हातात तसंच राहतं.

उलट बाजूने जपायचं ते असं : ज्या घरावर ठोकळा बसला त्यावर पुढे सोंगटी चढत नाही. ठोकळा एका थराच्या डोंगरावर ठेवलात तर तो डोंगर कायमचा एका थराचा. कधीकधी ते परवडतं, पण हिशेब करून ठेवा. एका घरात एकच ठोकळा मावतो. मात्र एकच सोंगटी दोन-तीन प्राण्यांच्या आकृत्यांत भाग घेऊ शकते, त्याला मनाई नाही. त्यामुळे एकमेकांशी जुळणारी कार्डं घ्यावीत. एकाला पाण्याकाठचं झाड हवंय, दुसऱ्याला पाण्याकाठचं शेत, तर दोघांची नदी एकच. मोठा आकडा बघून डोंगराचं एक, इमारतीचं एक आणि नदीचं एक अशी कार्डं उचललीत, तर तीन संसार एका पटावर मांडावे लागतील.

तरी पहिलं कार्ड पहिल्या दोन पाळ्यांतच घ्या. उशिरा घेतलेल्या कार्डाचे एकदोनच ठोकळे बसतात, आणि मोठे आकडे नेहमी वरच्या टोकाला असतात.

डाव किती पाळ्यांचा?

नियम वाचून हे लगेच लक्षात येत नाही, पण जिंकणं-हरणं बरंचसं इथे ठरतं. डाव संपण्याच्या दोन वाटा आहेत. एक तर कुणाच्या तरी पटावर दोन किंवा त्याहून कमी घरं रिकामी उरतात. नाहीतर फळी भरायच्या सोंगट्यांची पिशवी रिकामी होते आणि फळी भरता येत नाही. मग चालू फेरी पूर्ण करून डाव थांबतो.

कागदावर मांडून बघा. पिशवीत एकूण १२० सोंगट्या. सुरुवातीला पाच खणांत १५ बाहेर येतात, उरतात १०५. प्रत्येक पाळीनंतर ३ भरल्या जातात, म्हणजे ३५ वेळा भरता येतं आणि ३६ व्या पाळीला खडखडाट. चौघे खेळत असतील तर प्रत्येकाला नऊ पाळ्या, म्हणजे २७ सोंगट्या. तिघांना बारा पाळ्या, ३६ सोंगट्या. दोघांना अठरा पाळ्या, ५४ सोंगट्या. आणि पटावर घरं किती? २३.

म्हणजे चौघांच्या डावात सोंगट्या महाग आणि जागा स्वस्त. २७ सोंगट्यांत एकेक सोंगटी काय देते ते बघायचं. शेताची जोडी ५ गुण देते, म्हणजे सोंगटीमागे अडीच. उंच झाड तीन सोंगट्यांत ७ देतं, म्हणजे अडीचपेक्षा थोडं कमी, आणि पालवी वेळेवर मिळाली नाही तर काहीच नाही. म्हणून चौघांत शेतं, इमारती, लांब नदी ही भरवशाची गिऱ्हाइकं.

दोघांच्या डावात उलटं. सोंगट्या भरपूर, पण २३ घरांत किती कोंबणार? तिथे प्रत्येक घराचे गुण मोजायचे. उंच झाड एका घरात ७ देतं, इमारत ५, शेत मात्र घरामागे अडीचच. त्यामुळे उंच बांधणाऱ्याचं पारडं जड होतं. फक्त एक मेख आहे : डाव कधी संपणार हे तुम्ही एकटे ठरवत नाही. २१ घरं भरली की शेवटची फेरी, आणि २१ सोंगट्या तर सात पाळ्यांतच हातात येतात. समोरच्याने पाणी आणि शेतं पसरत पट भराभर भरला, तर तुमची दोन-दोन थरांची खोडं पालवीची वाट बघत तशीच उभी राहतात. माझी मामेबहीण मला पहिल्या डावात अशीच खेळवून गेली.

म्हणून प्रत्येक पाळीआधी समोरच्याची रिकामी घरं मोजा. सात-आठ उरली की नवी मोठी बांधकामं काढू नका, अर्धवट आहे ते पुरं करा. शिवाय रंगांची आवक लक्षात ठेवा : निळ्या आणि राखाडी प्रत्येकी २३, तपकिरी २१, हिरव्या आणि पिवळ्या प्रत्येकी १९, लाल फक्त १५. खोडांपेक्षा पालव्या मुळातच कमी आहेत, आणि त्या झुडपांसाठीही खर्च होतात. एका वेळी दोनच खोडं पालवीविना ठेवायची, असा मी स्वतःला नियम घालून घेतलाय. तिसरं खोड हातात आलं तर ते आधीच्या खोडावर चढवतो, नवं घर अडवत नाही.

पहिल्या दोन पाळ्या कशा खेळाल

समजा फळीवर असे पाच खण आहेत : खोड-पालवी-पाणी, शेत-शेत-डोंगर, डोंगर-डोंगर-लाल, पाणी-खोड-खोड, पालवी-शेत-लाल. नवख्याचा हात पहिल्यावर जातो, कारण खोडावर पालवी ठेवली की झाड लगेच उभं राहतं. त्याचे ३ गुण. वाईट नाही, पण ते घर आता तिनावरच मिटलं. त्यापेक्षा दुसरा खण घ्या. शेताची जोडी लागलीच ५ देते आणि डोंगराची सोंगटी शेताच्या शेजारी ठेवून वाढण्यासाठी मोकळी राहते. शेत कडेला ठेवा, कारण शेतावर पुढे काही चढणार नाही. डोंगर आतल्या बाजूला, म्हणजे त्याच्या शेजारी दुसरा डोंगर आणि पुढेमागे इमारत येऊ शकेल.

चौथा खण, पाणी-खोड-खोड, हा दोघांच्या डावात धाडसाचा पर्याय आहे. दोन खोडं एकावर एक ठेवलीत की आज शून्य, पण एक पालवी मिळाली की सरळ ७. चौघांत मी हे टाळतो. तुमची पाळी परत येईपर्यंत तिघेजण फळीवरून उचलून गेलेले असतात, आणि तुमच्या पटावरची दोन खोडं त्यांनाही दिसतात.

आता कार्डं बघा. शेत किंवा डोंगर मागणारं एखादं असेल तर घ्या. दुसऱ्या पाळीला फक्त एवढंच विचारा : या तीन सोंगट्यांपैकी किती सोंगट्या दोन कामं करतात? स्वतःचे गुणही देतात आणि कार्डाच्या आकृतीतही बसतात, अशा दोन निघाल्या तर खण चांगला. एकही नसेल तर दुसरा बघा. तिसऱ्या, नकोशा सोंगटीसाठी पटाचा एक कोपरा राखून ठेवायची मला सवय आहे. आमच्या घरात त्याला ‘माळा’ म्हणतात. नको ते सगळं तिथे. बहुधा तिथे पाणीच साठतं, आणि डावाच्या शेवटी तीच नदी निघते.

पुढे कधी वळायचं

पटाला दुसरी बाजू आहे. तिथे नदीची लांबी मोजत नाहीत. पाण्याने वेगळ्या केलेल्या प्रत्येक बेटाला ५ गुण मिळतात. पहिल्या बाजूने पाच-सहा डाव झाले की ती घ्या, कारण तिथे पाणी कुठे ठेवायचं याचा सगळा विचारच बदलतो. पटाच्या कडेचा आधार घेऊन थोडक्या पाण्यात कोपरा तोडता येतो, त्यामुळे ‘माळा’ तिथे अचानक सगळ्यात मोलाची जागा होते.

निसर्गात्म्यांची वेगळी कार्डं घेऊन खेळायचाही एक पर्याय आहे. ती गुण देण्याचे नवे नियम आणतात आणि तुमच्या चार जागांपैकी एक अडवतात. सुरुवातीला हा पर्याय बंद ठेवा. आम्ही दोघांनी तो विसाव्या डावानंतर चालू केला. बहिणीचे सध्या तीन डाव पुढे आहेत, आणि आत्ता माझी पाळी आहे. फळीवर पालवी एकच दिसतेय. ती तिलाही हवी आहे.